गोदूबाईचे चार धवले

गोदूबाईनं कानावरचे हेडफोन काढले, मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, "ही बाई कोन हाय गो?"

"तुम्हीच, गोदूआय."

"नाय. ही मी नाय. ही कोन पत्र्याची बाई हाय."

हरेशदादा हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं खरं होतं.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पेणच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वर हरेशदादाचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, भिंतींना गोणपाटामागे भरलेला काथ्या, आणि मधोमध मुंबईहून आणलेलं आठ ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डिंगचं मशीन. असं मशीन पेणपासून महाडपर्यंत कोणाकडे नाही, हे तो जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. मी त्याच्याकडे मिक्सिंग करायचे. म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवर भरलेले आवाज एकमेकांत बसवून त्यांचं एक गाणं करायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि दादरच्या एका स्टुडिओत दोन वर्षं केबली गुंडाळल्याचा अनुभव, एवढ्यावर मी परत आले होते. घर हमरापूरला, आमच्याकडे गणपती करतात. मी ब्रश सोडून बटणं धरली याचं वडिलांना वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवायचे नाहीत.

गोदूबाई धवलारीण. आमच्या खाडीकडच्या गावांत आगऱ्यांचं लग्न धवलारणीशिवाय लागत नाही. हळद, तेलवण, मांडव, पाठवणी, प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. धवलारीण ओळ म्हणते, मागच्या दोघीतिघी ती उचलतात, आणि तिचं म्हणून झाल्याशिवाय कोणी पुढचा विधी करत नाही. गोदूबाईनं असे धवले पन्नास वर्षं म्हटले होते. हरेशदादाच्या लग्नात तिनंच म्हटले होते. बाकीचा वेळ ती आणि तिचा नवरा जनू धरमतरच्या बाजूला मिठागरात कामाला जायचे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारून मारून तिचा आवाज जाड झालेला, खालच्या पट्टीतला, मधेच किंचित चिरणारा. ती गायला लागली की समोरचा माणूस हातातलं काम थांबवायचा. मी स्वतः थांबायचे.

हरेशदादाला मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं आगरी लग्नाच्या धवल्यांची दहा गाण्यांची कॅसेट करायला सांगितली होती. खरं तर धवल्याला वाद्य नसतं. पण कंपनीला ढोलकी, झांज आणि कीबोर्ड हवा होता. गोदूबाईनं त्यालाही मान डोलावली. "वाजवा तुमचा काय ता," ती म्हणाली, "पन मना मधे थांबवू नको." तीन दिवसांत दहा धवले झाले. मागे ओळ उचलायला तिची नेहमीची जोडीदारीण हौसा आणि गावातल्या आणखी दोन बायका.

आणि मग मी मिक्स केलं, तेव्हा ते तसं निघालं. डिजिटल मशीन जे समोर येईल ते जसंच्या तसं लिहितं, त्यात स्वतःचं काही घालत नाही. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण आमचा माइक स्वस्त आणि जरा धारदार होता, खोली सुकी होती, आणि मशीननं ती धार इमानदारीनं लिहून ठेवली. गोदूबाईच्या आवाजातली चीर होती ती काचेच्या कडेसारखी झाली, आणि त्या चिरेखालचा जाडपणा कुठे गेला ते मला सापडेना. मी बटणं फिरवून खालचा भाग वाढवला, तर ढोलकी आणि कीबोर्ड सुजले. वरचा भाग कमी केला, तर बाई घोंगडीखालून बोलल्यासारखी झाली.

गोदूबाई जिना उतरून गेल्यावर हरेशदादा म्हणाला, "म्हातारीचा गळाच तसा आहे, मृणाली. मशीन काय करणार? कंपनीवाले म्हणतात, मुंबईत पूजा म्हणून एक मुलगी आहे, ऑर्केस्ट्रात गाते. तिच्याकडून गाऊन घेऊ. चाली आल्याच आहेत आपल्याकडे."

"चाली आल्याच आहेत म्हणजे?"

"म्हणजे हिनं गाऊन दाखवल्यात ना."

त्या बाईनं तीन दिवस मिठागराची मजुरी बुडवून, घशाला आल्याचा रस लावून जे म्हटलं होतं, ते याच्या हिशेबी फक्त दाखवणं होतं. मला संताप आला. शेवटी मी एवढंच म्हटलं, की मला पंधरा दिवस दे, गळ्यात काही खोट नाही, खोट आपल्या मिक्समध्ये आहे.

"घे," तो म्हणाला. "पण मशीन इथून हलवायचं नाही."

म्हणजे वेगवेगळे ट्रॅक मला बाहेर नेता येणार नव्हते. जे मिक्स झालं होतं तेच, डॅटच्या छोट्या डिजिटल कॅसेटवर उतरवून, हातात मावणाऱ्या मशीनसकट पिशवीत घातलं आणि मी रोह्याची एसटी धरली.

रोह्यात याकूबचाचांचं दुकान होतं. रेडिओ, टेप, लाऊडस्पीकर, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. आधी बारा वर्षं कुवेतला रेडिओ स्टेशनवर टेक्निशियन होते. नव्वदच्या लढाईत सगळं सोडून परत आले, पण मोठ्या चकत्यांवर टेप फिरवणारं एक स्पूल मशीन मात्र कसं कोण जाणे घेऊन आले. मी डिप्लोमा करत असताना सुट्टीत त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकले होते. त्यांच्या माळ्यावर जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर होते, काचेच्या दिव्यांसारख्या नळ्यांचे. बंद पडलेल्या तंबू टॉकीजमधून आणलेले काही, आणि काही त्यांनी स्वतः बांधलेले.

त्यांनी चारही धवले न बोलता ऐकले. मी चारच आणले होते, बाकीचे सहा अजून नीट मिक्स व्हायचे होते.

"बाई मोठी आहे," ते म्हणाले. "आवाज कापून ठेवलाय तुम्ही तिचा."

"व्हॉल्व्हमधून काढला तर?"

"काढून बघू."

व्हॉल्व्हमधून किंवा टेपवरून आवाज जरा जास्त जोरानं ढकलला, की तो टोकांना गोल होतो आणि त्यात अंगचे थोडे सूर मिसळतात. इंजिनिअर लोक याला सॅच्युरेशन म्हणतात. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जी ऊब वाटते ती बरीचशी त्यातून येते. आम्ही पूर्ण मिक्स एका अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलं आणि हळूहळू जोर वाढवत गेलो. आवाज भरायला लागला, मला आनंद झाला, आणि तेवढ्यात ढोलकीची थाप पडली. थाप पडली की गोदूबाईचा आवाज थरथरायचा आणि दबायचा. झांज वाजली की तळणीत पाणी पडल्यासारखं व्हायचं. जोर कमी केला की हे जायचं, पण ऊबही जायची.

चाचांनी स्विच बंद केला. "सगळ्यांना एका दारातून ढकलतोय आपण," ते म्हणाले. "ढोलकी अंगानं मोठी. ती दारात आली की बाईला जागाच राहत नाही. ह्यांना आधी वेगळं करायला पाहिजे."

"ट्रॅक वेगळे नाहीत आपल्याकडे."

"ट्रॅक नाहीत, पण सूर वेगळे आहेत ना? खालचे, मधले, वरचे."

मोठ्या स्पीकरच्या पेट्यांत भोंग्याला वरचे सूर आणि मोठ्या कोनाला खालचे सूर वेगळे करून देणारी सर्किट असते. चाचांनी तशीच, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावायची, हातानं बांधायला घेतली. आवाज तीन पट्ट्यांत फोडायचा. खालच्या पट्टीत ढोलकीचा घुमारा. मधल्या पट्टीत गळा. वरच्या पट्टीत झांज, बांगड्यांचा आवाज आणि ओठांवरचे स, श. प्रत्येक पट्टीला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येकीला वेगळा जोर, आणि शेवटी तिन्ही परत एकत्र. डावा उजवा मिळून सहा अ‍ॅम्प्लिफायर लागले. मी आठ दिवस पेण-रोहा करत होते. सकाळी स्टुडिओत इतर कामं उरकायची, दुपारी रोह्याला जायचं, कॅपॅसिटर मोजून जोड्या लावायच्या. स्पीकरच्या जागी मोठाले रेझिस्टन्स बसवले होते, नाहीतर सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं. ते इतके तापायचे की दुकानात जळक्या रंगाचा वास भरायचा, आणि चाचांची बायको हमिदाचाची मागच्या घरातून ओरडायची की माणसं जिवंत आहेत ना.

नवव्या दिवशी सगळं जोडून झालं. आम्ही पहिला धवला लावला. तिन्ही पट्ट्या सुट्या ऐकल्या तर छान. एकत्र केल्या तर गोदूबाई पुन्हा नाहीशी झाली. ढोलकी होती, झांज होती, आणि मधे पोकळ. मी जोर बदलले, चाचांनी सोल्डर तपासले. तासभर डोकं फोडलं.

हमिदाचाची चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"बाई विहिरीत पडली काय तुमची?" त्या म्हणाल्या.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी मधल्या पट्टीच्या दोन वायरी उलट केल्या. पट्ट्या फोडताना मधली बाकीच्यांच्या विरुद्ध ढकलली जात होती, त्या एकमेकींना खोडत होत्या. वायरी उलटल्या आणि पुन्हा लावलं.

चाची तिथेच पाटावर बसल्या. चहा निवला.

त्यानंतर फक्त प्रमाणाचं काम होतं. खालच्या पट्टीला जेमतेम हात लावायचा, ढोलकीला अंग येईल आणि घरघर येणार नाही इतकाच. वरच्या पट्टीला त्याहून कमी, नाहीतर स आणि श थुंकी उडाल्यासारखे वाटतात. सगळा जोर मधल्या पट्टीवर. तिथे आम्ही व्हॉल्व्ह चांगले ढकलले, चीर गोल होऊन तिच्याखालचा जाडपणा वर येईपर्यंत. मग ते सगळं स्पूलवर भरलं, आणि स्पूलवरून परत डॅटवर. चार धवल्यांना तीन दुपारी लागल्या. प्रत्येक बटणाची जागा मी वहीत काढून ठेवली.

मी डॅट मशीन घेऊन थेट गोदूबाईच्या गावी गेले. ती अंगणात मिठाच्या टोपल्यांना दोरी भरत होती. हौसा शेजारीच होती. मी हेडफोन लावून दिले. गोदूबाईनं पहिला धवला पुरता ऐकला, मग हेडफोन हौसाच्या कानाला लावले.

"व्हय," हौसा म्हणाली. "ही तूच हायस."

"श्वास पन ऐकू येतो," गोदूबाई म्हणाली, जरा लाजून. "ता ठेवतील का?"

"ठेवतील," मी म्हटलं. मी शब्द दिला, तोही कोणाच्या वतीनं, याचा विचार तेव्हा केला नाही.

हरेशदादानं ऐकलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. त्याला कान होता, हे मी नाकारणार नाही. दोनदा ऐकून तो म्हणाला, "हे मुंबईला पण जमणार नाही." त्यानं त्याच दिवशी डॅट कंपनीकडे पाठवली. मी बाकीचे सहा घेऊन रोह्याला जायची तयारी करत होते.

आठवड्यानं मुंबईहून कॅसेटच्या कव्हरचा छापील नमुना आला. मी तो टेबलावर पाहिला. नऊवारी नेसलेली एक गोरी मुलगी, डोक्यावर कोरी टोपली. खाली मोठ्या अक्षरांत, गायिका: पूजा. त्याखाली, अत्याधुनिक डिजिटल ध्वनी. मागच्या बाजूला, गीत-संगीत पारंपरिक, संयोजन आणि ध्वनी हरेश. मी कागद उलटसुलट केला. गोदूबाईचं नाव नव्हतं. हौसाचं नव्हतं. चाचांचं नव्हतं, माझं नव्हतं. माझं राहू दे.

"हे पूजानं गायलेल्या गाण्यांचं कव्हर आहे का?" मी विचारलं.

"नाही, आपल्याच गाण्यांचं."

"आतला आवाज गोदूआयचा आहे."

"अगं, त्यांना चेहरा लागतो विकायला. कव्हरवरचं कोण वाचतं? आणि धवले काय तिनं लिहिलेत का? पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. त्यावर कोणाचं नाव घालायचं?"

"मग पूजाचं का घातलंय?"

मी म्हटलं, "हरेशदादा, आमच्या हमरापूरच्या मूर्तीवर कोणी नाव घालत नाही. वडील आयुष्यभर बिननावाच्या मूर्ती विकतायत, त्यांना त्याचं काही नाही. पण त्यांच्या मूर्तीवर दुसऱ्याचं नाव घालून कोणी विकायला बसला, तर ते त्याला दुकानातून ओढून काढतील. बिननावाचं असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावाचं असणं वेगळं."

"तू फार मनाला लावून घेतेस."

"हो," मी म्हटलं. "तू पण लावून घ्यायला हवं होतंस. तुझ्या लग्नात गायलीय ती."

मी तो कागद पिशवीत घातला, पिशवी उचलली आणि निघाले. वही माझ्याकडे होती. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

गोदूबाईला सांगायला जायचं मला सगळ्यांत जड गेलं. तिनं कव्हरचा कागद हातात धरला. वाचता येत नव्हतं, चित्र पाहिलं. जनू म्हणाला, "कोनाची पोर गो ही? मिठागरात एक दिस पन टिकायची नाय." गोदूबाईनं कागद घडी करून मला परत दिला.

कंपनीला मात्र दहाही गाणी त्याच उबेची हवी होती. हरेशदादानं मुंबईहून व्हॉल्व्ह बसवलेला एक डबा आणला आणि बाकीचे सहा धवले एकत्रच त्यातून काढले. व्हायचं तेच झालं. थाप पडली की गळा बुडाला. तेव्हा तो रोह्याला याकूबचाचांकडे आला. मी दुकानातच होते, चाचांबरोबर काम करायला लागले होते. चाचांनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, "तिला बोलवू या. तिच्या आवाजाचं आहे, आपण कशाला ठरवायचं?"

दुसऱ्या दिवशी गोदूबाई आली, बरोबर हौसा. हरेशदादानं तिला वाकून नमस्कार केला. मग समजावत म्हणाला, "गोदूआय, धवला तर सगळ्या आगऱ्यांचा आहे. एकाचं नाव घातलं तर बाकीचे म्हणतील आमचं का नाही."

गोदूबाईनं हौसाला शेजारी ओढून बसवलं.

"धवला माझा नाय," ती म्हणाली. "माझे सासूनी शिकवला, तिला तिचे सासूनी. त्येचा मी नाव सांगत नाय. पन गला माझा हाय, हरेश. ह्या हौसाचा गला हौसाचा हाय. तू माझा गला काढून दुसरीचे तोंडात घातलास. मी मेली नाय अजून."

चाचांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

"चौघींची नावा घाल," ती म्हणाली. "नायतर दे त्या पोरीला गायला. तिचा गला, तिचा नाव. माझी काय तक्रार नाय."

हरेशदादा कंपनीला विचारतो म्हणून गेला. मला वाटतं, त्यानं विचारलं असेल. एप्रिलमध्ये कॅसेट आली, त्याच कव्हरची. सहा धवले पूजानं गायलेले, आणि चार गोदूबाईचे, आमचे, त्या तीन दुपारींचे. दहावर एकच नाव. मी पेणच्या दुकानात उभी राहून ऐकलं. पूजा वाईट गात नव्हती. तिला बिचारीला शब्द कळत नव्हते एवढंच. पण तिसरं गाणं सुरू झालं आणि गोदूबाईचा श्वास ऐकू आला. दुकानदार म्हणाला, "या गाण्यात हिचा आवाज काय लागलाय बघा." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी कंपनीला रजिस्टर पत्र लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

मे महिन्यात हरेशदादाचा धाकटा भाऊ साहिल, त्याचं लग्न होतं. घर पेणला असलं तरी लग्न गावच्या मांडवात होणार होतं. त्याची आई गोदूबाईला सुपारी द्यायला गेली. गोदूबाईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला, आणि सुपारी परत केली. "कॅसेट लावा," एवढंच म्हणाली. मग आई हौसाकडे गेली. हौसा नाही म्हणाली. वडखळकडची एक धवलारीण होती, ती नाही म्हणाली. खाडीच्या गावांत बातमी तिच्या आधी पोचली होती. एका आठवड्यात चार गावांतल्या सात धवलारणींनी सुपारी घेतली नाही. त्यांना कोणी एकत्र बोलावलं नव्हतं. चारही गाणी त्यांनी ऐकली होती आणि गळा कोणाचा ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

मांडवाच्या दिवशी सकाळी हरेशदादानं खरंच कॅसेट लावली. लाऊडस्पीकर याकूबचाचांनी नाकारल्यामुळे पनवेलहून आणला होता. हे मला पुढे हौसानं सांगितलं, ती शेजारधर्म म्हणून गेली होती. बायका हळदीची ताटं घेऊन उभ्या राहिल्या. कॅसेट गात होती. तेलवणाचा धवला सुरू झाला, पण कॅसेटवर तो पाच मिनिटांत संपला आणि विधी अर्धाही झाला नव्हता. मग पाठवणीचा लागला. नवऱ्या मुलाला हळद लागायच्या आधी पाठवणी. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हरेशदादाच्या आईनं हातातलं ताट खाली ठेवलं, जाऊन वायर ओढली आणि लेकाला म्हणाली, "धवलारणीची वटी भरायची असते. टेपची वटी कशी भरू सांग मना. जा, तिला घेऊन ये. तिचे पाय धरून घेऊन ये."

तो गेला. मी तेव्हा गोदूबाईच्या अंगणातच होते. आदल्या आठवड्यापासून आम्ही दहाही धवले नव्यानं भरायचं ठरवत होतो, ढोलकीशिवाय. हरेशदादा सायकल टाकून आत आला. घामानं भिजलेला, कपाळावर हळद. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"गोदूआय, चल. आई थांबलीय."

"नावा?"

"घालतो. पेणला आहेत तेवढ्या सगळ्या कॅसेटवर घालतो. चौघींची."

"आणि मुंबैच्या?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "त्या माझ्या हातात नाहीत. खरंच नाहीत."

मी मधे बोलणार होते. मला वाटत होतं, हिनं जाऊ नये. अर्ध्या कबुलीवर तर नाहीच. पण गोदूबाईनं लुगड्याचा पदर खोचला आणि उठली.

"पोराचे लग्नाचा काय चुकला?" ती मला म्हणाली. "त्येची बायको माझे धवल्याबिगर घरात येल काय?"

"आणि तुमचा राग?"

"राग हाय तसाच. तो घेऊनच चालली मी."

मांडवात तिनं दिवसभर धवले म्हटले. हौसा म्हणते, मधे थांबली नाही, आणि हरेशच्या नावाचा उल्लेख जिथे धवल्यात घालतात, वडील भाऊ म्हणून, तिथे तिनं तो घातला नाही, साहिलच्या काकांचा घातला. सगळ्या मांडवाच्या ते लक्षात आलं.

हरेशदादानं शब्द पाळला, एवढं मला सांगायलाच हवं. त्यानं कागदाच्या पट्ट्या छापल्या, गायिका गोदूबाई, साथ हौसा आणि बाकीच्या दोघी, आणि पेणच्या दुकानांतल्या कॅसेटवर स्वतः बसून चिकटवल्या. चाचांचं आणि माझं नाव त्यात नव्हतं. चाचा म्हणाले, "आपण अ‍ॅम्प्लिफायरवाले, आपलं काय." मला ते पटलं नाही, पण त्यांच्याशी कोण भांडणार. मुंबईच्या, ठाण्याच्या, अलिबागच्या दुकानांत पट्ट्या पोचल्या नाहीत. कंपनीनं पुढच्या वर्षी पुन्हा छपाई केली, तेव्हा गायिकेच्या जागी आलं: पूजा आणि साथी.

आम्ही रोह्यात पुढच्या हिवाळ्यात दहाही धवले नव्यानं भरले. हमिदाचाचींच्या पुढच्या खोलीत, गोधड्या लावून, उधार आणलेल्या चांगल्या माइकवर. डिजिटलवरच भरले, कारण ते स्वच्छ येतं, आणि मग त्याच सहा अ‍ॅम्प्लिफायरमधून काढले. ढोलकी नसल्यामुळे खालच्या पट्टीला काम उरलं नव्हतं, मधल्या पट्टीला आणखी मोकळीक मिळाली. कव्हरवर चित्र नाही, फक्त नावं, सहाही. त्या कॅसेट रोहा, पेण, कोलाडच्या दुकानांत हातोहात गेल्या, पण त्या पलीकडे नेणारं आमच्याकडे कोणी नव्हतं.

मुंबईची कॅसेट अजून सगळीकडे मिळते. परवा पनवेलच्या एसटी स्टँडवर एका टपरीत दिसली. मी उचलली, मागची बाजू बघितली, आणि टपरीवाल्याला सांगितलं की यातल्या चार गाण्यांत ही पूजा गात नाही, गोदूबाई गाते, धरमतरची. तो सुपारी कातरत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात पण सांगितलं होतं तुम्ही."